गोऱ्यांच्या मैदानावर पडलेली पहिली पावले



गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे एका मातेचे पत्र आले. अक्षर मोडके, पण एकेक शब्द तोलून लिहिलेला. नवरा कारखान्यात कंत्राटी कामगार, त्या स्वतः चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा बारावीला चांगले गुण घेऊन पास झाला आणि दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात इंजिनिअरिंगला लागला. वर्गात आपल्या समाजाचा तो एकटाच. आडनाव कळल्यापासून मेसमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसत नाही. खोलीतला जोडीदार अर्ज करून दुसऱ्या खोलीत गेला. दिवाळीला मुलगा घरी आला, तो परत जायचे नाव घेईना. कसाबसा गेला. आता रोज रात्री फोन करतो, "आई, मी येऊ का परत?" त्या मातेने आम्हांला विचारले आहे, "त्याला मी काय सांगू?"

कॉलेजचे नाव पत्रात आहे. ते आम्ही येथे छापत नाही, कारण मुलगा अजून तिथेच आहे.

उत्तर लिहायला बसलो आणि लेखणी अडली. बाबासाहेबांनी किती सोसले, हे त्या माउलीने पोराला दहा वेळा सांगितले असणार. ते सांगून भागले असते तर तिने पत्र कशाला लिहिले असते? बाबासाहेबांचे नाव घेऊन पोराचे तोंड बंद करणे सोपे असते. त्याच्या रिकाम्या खोलीचे काय? विचार करता करता आम्हांला आठवली ती एका खोलीचीच गोष्ट. ती आपल्या देशातली नाही. अमेरिकेतली आहे, आणि फुटबॉलची आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळायचे, समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांना गाद्या. त्या देशात कॉलेजांच्या सामन्यांचे वेड इतके, की एकेका कॉलेजच्या मैदानात लाखभर माणूस बसते. ही कॉलेजे आपापल्या भागात गट करून आपसात खेळतात, त्या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. सगळ्यांत दबदबा असलेल्या कॉन्फरन्सपैकी एक म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स. १९३२ च्या डिसेंबरात टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावी दक्षिणेकडच्या १३ कॉलेजांनी जुन्या गटातून फुटून ती काढली. अलाबामा, ऑबर्न, जॉर्जिया, मिसिसिपी, टेनेसी, लुईझियाना, फ्लोरिडा, व्हँडरबिल्ट, केंटकी अशी ती नावे. बहुतेक सगळा एके काळचा गुलामगिरीचा मुलूख. शेतात कापूस वेचणारे काळे हात, आणि कॉलेजात एकही काळे पाऊल नाही.

काळ्या मुलांना घेऊ नये असा नियम लिहिण्याची त्यांना गरजच नव्हती. गावात विहिरीवर पाटी नसते, तरी सगळ्यांना ठाऊक असते ना? तसेच ते. उत्तरेकडचा एखादा संघ खेळायला आला आणि त्यात काळा खेळाडू असला, तर त्याला बाकावर बसवून ठेवायचा, अशी सभ्य गृहस्थांची आपसातली समजूत होती. या समजुतीला ते 'सभ्य' म्हणत, हे ध्यानात घ्यावे. १९४८ पासून कॉन्फरन्सची कचेरी अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात आहे. त्या शहराने तर लेखी कायदाच केला होता, की काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकत्र पत्ते, फासे, डॉमिनो खेळू नयेत. पुढे त्यात बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉलही घातले. फासे टाकताना हाताला हात लागला तर काय विटाळ होणार होता, ते त्यांचे त्यांना माहीत.

मग काळी मुले खेळत नव्हती का? खेळत होती, आणि जोरात खेळत होती. काळ्यांची स्वतःची कॉलेजे होती, त्यांच्या स्वतःच्या कॉन्फरन्स होत्या. त्यातली साउथवेस्टर्न अॅथलेटिक कॉन्फरन्स तर १९२० सालची, म्हणजे गोऱ्यांच्या या गटापेक्षा १२ वर्षांनी थोरली. लुईझियानातल्या ग्रॅम्बलिंग कॉलेजात एडी रॉबिन्सन नावाचे काळे प्रशिक्षक १९४१ साली आले आणि १९९७ पर्यंत राहिले. ४०८ सामने त्यांनी जिंकले. या कॉलेजांची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

१९५५ च्या डिसेंबरात अलाबामातल्या मॉंटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या काळ्या बाईने बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायला नकार दिला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याच आठवड्यात शेजारच्या जॉर्जिया राज्यात वेगळीच धामधूम उडाली. कॉन्फरन्समधल्या जॉर्जिया टेक कॉलेजचा नववर्षाचा मोठा सामना न्यू ऑर्लिन्सला पिट्सबर्गशी ठरला होता, आणि पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रायर नावाचा काळा खेळाडू होता. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी फर्मान काढले, की खेळायला जायचे नाही. तिकडे गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा निवडून आलेला माणूस. झाले, कॉलेजातली गोरी मुलेच रस्त्यावर उतरली. गव्हर्नरचा पुतळा जाळला, त्याच्या घरावर मोर्चा नेला. समतेचे प्रेम उतू चालले होते म्हणून नव्हे हो, सामना बुडेल म्हणून! सामना २ जानेवारी १९५६ ला झाला. ग्रायर खेळला. पंचांनी त्याच्याविरुद्ध एक निर्णय दिला, त्या जोरावर जॉर्जिया टेक ७-० ने जिंकले. तो निर्णय बरोबर की चूक, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. त्याच वर्षी लुईझियाना राज्याने कायदा केला, की यापुढे काळे-गोरे एकत्र खेळणारच नाहीत. तो कायदा १९५९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मोडीत काढला. १९५६ म्हटले की आपल्याला दीक्षाभूमी आठवते. त्या एकाच वर्षात जगात कुठे काय चालले होते, ते असे मांडून पाहिले की मन थबकते.

आता १९६२. तारीख २९ सप्टेंबर, शनिवारची रात्र. मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. सामना मिसिसिपी आणि केंटकी यांचा, दोन्ही याच कॉन्फरन्समधले. जेम्स मेरेडिथ या काळ्या तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश द्या असा कोर्टाचा हुकूम झाला होता आणि गव्हर्नर रॉस बार्नेट तो मानायला तयार नव्हते. मध्यंतरात बार्नेट मैदानात उतरले आणि माइकवरून म्हणाले, मला मिसिसिपी प्रिय आहे, तिची माणसे प्रिय आहेत, तिच्या चालीरीती प्रिय आहेत. एवढेच. पण 'चालीरीती' म्हणजे काय, ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होते. गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचे झेंडे हजारोंनी फडकले. दुसऱ्या रात्री, ३० सप्टेंबरला, विद्यापीठात दंगल पेटली. दोन माणसे मेली. अध्यक्ष केनेडींना सैन्य पाठवावे लागले. मेरेडिथ पहाऱ्यात वर्गात गेला आणि १९६३ साली पदवी घेऊनच बाहेर पडला. मिसिसिपीच्या फुटबॉल संघाने त्या हंगामात एकही सामना हरला नाही आणि कॉन्फरन्सचे अजिंक्यपद पटकावले.

ते दोन संघ आणि त्या दोन तारखा वाचकांनी लक्षात ठेवाव्यात.

केंटकी हे राज्य दक्षिणेच्या उंबरठ्यावरचे. तिथल्या विद्यापीठाने १९६३ साली जाहीर केले, की आमच्या संघांत काळ्या मुलांनाही घेऊ. जाहीर करणे निराळे आणि घेणे निराळे. गव्हर्नर नेड ब्रेथिट आणि विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन ऑस्वाल्ड यांनी नेट लावला, तेव्हा डिसेंबर १९६५ मध्ये लुईव्हिल शहरातल्या नेट नॉर्दिंग्टन या मुलाला गव्हर्नरच्या घरी बोलावून त्याची सही घेतली. थोड्याच दिवसांत मिडल्सबरो या डोंगरातल्या गावच्या ग्रेग पेजने सही केली. १९६६ साली दोघे कॉलेजात आले. एकाच खोलीत राहिले.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू देत नसत. म्हणजे वर्षभर नुसता सराव. भोवती सगळे गोरे. जेवायला एकत्र, अभ्यासाला एकत्र, कोणी काही बोलले तर रात्री खोलीत येऊन एकमेकांना सांगायचे. दोघांना ठाऊक होते, की पुढच्या वर्षी मैदानात उतरू तेव्हा कॉन्फरन्सच्या ३४ वर्षांत उतरलेले पहिले काळे आपण असू. दुसऱ्या वर्षी विल्बर हॅकेट आणि ह्यूस्टन हॉग ही आणखी दोन काळी मुले आली. चौघे झाले.

२२ ऑगस्ट १९६७. सराव चालू होता. एका झटापटीत ग्रेग पेज खाली पडला तो उठला नाही. मानेला मार बसला होता. मानेखालचे सगळे शरीर लुळे पडले. त्याला रुग्णालयात नेले, यंत्रावर श्वास चालू ठेवला. ३८ दिवस. नेट खोलीवर एकटा परतायचा, दुसरी खाट रिकामी. २९ सप्टेंबरच्या रात्री ग्रेग गेला.

दुसऱ्या दिवशी केंटकीचा सामना होता, घरच्या मैदानावर. समोर मिसिसिपी.

होय, तेच दोन संघ. बार्नेट यांच्या भाषणाला बरोबर पाच वर्षे होऊन एक दिवस झालेला. मेरेडिथच्या दंगलीचा पाचवा वाढदिवसच म्हणा. एकोणीस-वीस वर्षांच्या त्या पोराने काय करावे? घरी निघून जावे, कोणी दोष दिला नसता. नेट मैदानात उतरला. तीनेक मिनिटे खेळला असेल, तोच त्याचा खांदा निखळला आणि त्याला बाहेर यावे लागले. केंटकी १३, मिसिसिपी २६. हरले. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या सामन्यात खेळलेला पहिला काळा फुटबॉलपटू, असे आता पुस्तकांत छापलेले असते ते या तीन मिनिटांबद्दल.

आपल्याकडच्या सभेत ही गोष्ट सांगितली असती, तर वक्त्याने इथेच टाळ्या घेतल्या असत्या. आम्हांला मात्र पुढचे जास्त महत्त्वाचे वाटते. नेट नॉर्दिंग्टन टिकला नाही. खांदा दुखावलेला, मित्र गेलेला, खोली रिकामी. ऑक्टोबरातच त्याने केंटकी सोडले. ज्याच्या नावाने इतिहास लिहिला गेला तो महिनाभरात निघून गेला! पण निघण्याआधी तो हॅकेट आणि हॉगच्या खोलीवर गेला. तीही दोघे बाडबिस्तरा बांधायच्याच विचारात होती. त्यांना त्याने सांगितले, मला जावे लागते आहे, पण तुम्ही जाऊ नका; आपण जे सुरू केले ते तुम्ही पुरे करा. ती दोघे राहिली. १९६९ साली विल्बर हॅकेटला संघाचा कप्तान केले. या कॉन्फरन्समधल्या फुटबॉल संघाचा तो पहिला काळा कप्तान. नेट वेस्टर्न केंटकी या दुसऱ्या कॉलेजात गेला, तिथे खेळला आणि पदवी घेतली.

यात नेट हरला असे कोणाला म्हणावेसे वाटते का? आम्हांला नाही वाटत. पण तो उगाच गेला असेही नाही. दुसरी खाट रिकामी झाली आणि कोणी ती भरली नाही, म्हणून गेला.

आणखी एका मुलाचे सांगतो. तो फुटबॉलचा नव्हे, बास्केटबॉलचा, पण कॉन्फरन्स तीच. आणि तोही इंजिनिअरिंगचाच विद्यार्थी, म्हणून त्या मातेने हे नीट वाचावे. नॅशव्हिल शहरातला पेरी वॉलेस १९६६ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात आला. त्याच्याबरोबर डेट्रॉइटहून आलेला गॉडफ्रे डिलर्ड हा दुसरा काळा खेळाडू होता. डिलर्डचा गुडघा जायबंदी झाला आणि तो मुख्य संघात न खेळताच विद्यापीठ सोडून गेला. वॉलेस एकटा उरला. विद्यापीठाजवळच्या एका चर्चमध्ये तो प्रार्थनेला जायचा, तिथल्या मंडळींनी त्याला बोलावून सांगितले, तू येतोस ते आमच्या काही जुन्या सभासदांना रुचत नाही. देवाच्या दारातच ही गत, तर मैदानात काय असेल? मिसिसिपीत खेळताना डोळ्यावर मार बसून रक्त आले. मध्यंतरात उपचार करून घेऊन तो बाहेर पडला, तेव्हा संघातले सगळे आधीच मैदानात गेलेले. दारात त्याच्यासाठी कोणी थांबले नव्हते. शिव्यांच्या गजरात तो एकटा चालत गेला आणि खेळला.

वॉलेस चार वर्षे टिकला. शेवटचा सामना झाल्यावर त्याने वर्तमानपत्राला मुलाखत दिली आणि काहीही न लपवता सांगितले, की ही वर्षे मी किती एकटेपणात काढली. गोरे लोक चिडले. कालपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्यांना तो कृतघ्न वाटला. टिकून राहावे आणि तक्रारही करू नये, अशी त्यांची अपेक्षा. ओळखीची वाटते ना? पुढे वॉलेस वकील झाला, कायद्याचा प्राध्यापक झाला. कायद्याची पदवी त्याने घेतली कोलंबिया विद्यापीठातून. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले, तेच हे कोलंबिया.

आम्ही त्या कॉन्फरन्समधली पहिली नावे काढून पाहिली, तर एक गोष्ट ठळक दिसली. पुष्कळ ठिकाणी ही मुले जोडीने आली. फ्लोरिडात लेनर्ड जॉर्ज आणि विली जॅक्सन. मिसिसिपी स्टेटमध्ये फ्रँक डाउसिंग आणि रॉबर्ट बेल. खुद्द मिसिसिपी विद्यापीठात सगळ्यांत शेवटी, १९७२ साली, बेन विल्यम्स आणि जेम्स रीड. दोघांना घेतले की गोऱ्या मुलाला काळ्याबरोबर खोलीत ठेवण्याचा प्रश्न मिटतो, असाही हिशेब त्यामागे असावा, असे आम्हांला वाटते. हेतू काहीही असो, फायदा पोरांना झाला. जाता जाता सांगायचे तर १९७२ हेच आपल्याकडे मुंबईत दलित पँथरच्या स्थापनेचे वर्ष, आणि ते नाव आले होते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या चळवळीवरून.

आता या कॉन्फरन्सचा इतिहास सांगताना जी गोष्ट हटकून सांगतात ती ऐका. अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट म्हणजे तिथले दैवतच. त्यांचा संघ सगळा गोरा. १२ सप्टेंबर १९७० ला त्याच बर्मिंगहॅममध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाच्या संघाला खेळायला बोलावले. त्या संघातल्या सॅम कनिंगहॅम या धिप्पाड काळ्या खेळाडूने अलाबामाच्या पोरांना लोळवले. ४२-२१. मग म्हणे ब्रायंट यांचे आणि सगळ्या दक्षिणेचे डोळे उघडले आणि काळ्यांना दारे उघडली. मार्टिन ल्यूथर किंग यांना वीस वर्षांत जे साधले नाही ते कनिंगहॅमने एका तासात साधले, असे बोलण्याची तिकडे पद्धतच पडली आहे.

वाचकहो, तारखा पाहा. नेट नॉर्दिंग्टन मैदानात उतरून तोवर तीन वर्षे झाली होती. अलाबामातच १९६७ साली पाच काळे विद्यार्थी शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून, सरावाला जाऊन उभे राहिले होते. १९६९ च्या जुलैत तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने ब्रायंट यांच्यावर थेट कोर्टात दावा लावला, की हे आमच्या मुलांना संघात घेत नाहीत. वकील होते यू. डब्ल्यू. क्लेमन, जे पुढे अलाबामातले पहिले काळे फेडरल न्यायाधीश झाले. आणि त्या गाजलेल्या सामन्याच्या दिवशी विल्बर जॅक्सन हा काळा मुलगा अलाबामाची शिष्यवृत्ती घेऊन आधीच दाखल झालेला होता. पहिल्या वर्षाचा म्हणून खेळू शकत नव्हता इतकेच. मग दार कोणी उघडले? पाच पोरांनी, एका संघटनेने आणि एका दाव्याने. पण दावा लावणाऱ्यांची गोष्ट सांगायला कोणाला आवडत नाही. साहेबांचे मन पालटले, ही गोष्ट ऐकायला गोड लागते. आपल्याकडेही पाणवठे आणि मंदिरे कोणाच्या उदार अंतःकरणामुळे खुली झाली याच्या कथा शाळेच्या पुस्तकांतून ऐकतच आपण मोठे झालो. ब्रायंट वाईट होते असे आमचे म्हणणे नाही. श्रेयाचा हिशेब चुकला आहे, एवढेच.

दारे उघडल्यावर काय झाले? काळ्या मुलांनी ती कॉन्फरन्स डोक्यावर उचलून धरली. जॉर्जियाचा हर्शेल वॉकर आणि ऑबर्नचा बो जॅक्सन यांना १९८२ आणि १९८५ साली देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान मिळाला. टेलिव्हिजनचा पैसा आला. १९९२ साली कॉन्फरन्सने आपला स्वतंत्र अंतिम सामना सुरू केला, मग नवी कॉलेजे आली, २०२४ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा धरून सभासद १६ झाले. कोट्यवधी डॉलर वाटले जाऊ लागले. ते कोणाला? कॉलेजांना आणि प्रशिक्षकांना. खेळणाऱ्या पोरांच्या हातात शिष्यवृत्ती आणि जेवण. स्वतःच्या नावावर दोन पैसे कमावण्याची मुभा मिळाली २०२१ साली, आणि कॉलेजने आपल्या मिळकतीतून थेट वाटा देण्याला सुरुवात झाली २०२५ मध्ये. तेही कोर्टकचेऱ्या करूनच. काळा मुख्य प्रशिक्षक मिळायला तर डिसेंबर २००३ उजाडला. मिसिसिपी स्टेटने सिल्व्हेस्टर क्रूम यांना नेमले. ७१ वर्षे. घाम गाळायला चालतो, हुकूम सोडायला चालत नाही, हे दुखणे तिकडेही आहे.

आणि काळ्यांच्या कॉलेजांचे? तिथे हुरहूर वाटावी असेच झाले. मिसिसिपीत वाढलेला वॉल्टर पेटन १९७१ साली काळ्यांच्या जॅक्सन स्टेटमध्ये गेला आणि मोठा झाला. जेरी राइसही तसाच, मिसिसिपी व्हॅलीचा. एडी रॉबिन्सन यांचा शिष्य डग विल्यम्स याने तर १९८८ साली व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना जिंकून दाखवला, आणि त्या जागेवर खेळून जिंकणारा तो पहिला काळा खेळाडू ठरला. पण पोरांचा ओघ हळूहळू मोठ्या मैदानांकडे वळला. ज्या कॉलेजांनी दुसरे कोणी उभे करीत नव्हते तेव्हा उभे केले, ती मागे पडली. कोणत्या बापाने पोराला सांगावे, की मोठे मैदान सोड आणि आपल्यांच्या कॉलेजात जा? याचे सोपे उत्तर आमच्याकडे नाही. मुंबईचे सिद्धार्थ आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय यांच्याकडे पाहतानाही आम्हांला हाच प्रश्न पडतो.

बाबासाहेबांचे लक्ष त्या लोकांच्या लढ्याकडे होते. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान पुढारी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत पाठवा, असे कळवले होते. ड्यू बॉईस यांचे उत्तरही आले होते. तेव्हा तिकडचे काही वाचून आम्ही इकडचे बोलतो, ही काही आमची नवी खोड नव्हे.

मिसिसिपीच्या झेंड्याचे तेवढे सांगायचे राहिले. १९६२ च्या त्या रात्री जे चिन्ह मैदानात फडकले, ते त्या राज्याच्या अधिकृत झेंड्यातही होते. २०२० च्या जूनमध्ये कॉन्फरन्सने बजावले, की हा झेंडा आहे तोवर मिसिसिपीत आमच्या अजिंक्यपदाचे सामने होणार नाहीत. चार दिवसांनी मिसिसिपी स्टेटचा काळा खेळाडू कायलिन हिल याने जाहीर केले, झेंडा बदला, नाहीतर मी या राज्यासाठी खेळणार नाही. आठवडाभरात विधिमंडळाने ठराव केला आणि ३० जूनला झेंडा उतरवण्याच्या कायद्यावर सही झाली. त्या सुमारास सगळ्या देशात मोर्चे निघाले होते, त्यांचाही दाब होताच.

२०१६ च्या सप्टेंबरात केंटकी विद्यापीठाने चौघांचे पुतळे एकत्र उभारले. नॉर्दिंग्टन, पेज, हॅकेट, हॉग. तेव्हा चौघांपैकी तिघे हयात होते. राहिलेल्या दोघांइतकाच जो निघून गेला त्याचाही पुतळा तिथे आहे. हॅकेट तर पुढे याच कॉन्फरन्समध्ये पंच म्हणून मैदानावर उभा राहिला. २००८ सालच्या एका सामन्यात पळत येणाऱ्या खेळाडूला या पंचाचाच असा धक्का लागला, की ते चित्र देशभर दाखवले गेले आणि लोक पोट धरून हसले.

आता त्या मातेला. ताई, तुमच्या मुलाने राहावे की यावे, हे आम्ही इथे बसून ठरवू शकत नाही. यायचे ठरलेच तर तो दुसऱ्या कॉलेजात शिकेल, नेट शिकला तसा. पण त्याआधी एवढे करा. त्याला विचारा, वरच्या वर्गात, दुसऱ्या शाखेत, त्या अख्ख्या वसतिगृहात आपला आणखी कोणी मुलगा आहे का? आपली मुले अशा ठिकाणी आडनाव गिळून गप्प बसतात, त्यामुळे असला तरी दिसत नाही. विहारात, आंबेडकर जयंतीच्या मंडळात, मेसच्या कामगारांतही चौकशी करायला सांगा. खोलीतला जोडीदार का बदलला, ते त्याने वॉर्डनकडे लेखी द्यावे आणि अर्जाची पोच घ्यावी. त्या शहरातल्या आमच्या दोन वाचक कुटुंबांना आम्ही विचारले. दोघांनीही रविवारी त्याला जेवायला घरी पाठवा असे कळवले आहे. एका घरचा मुलगा पुढच्या वर्षी त्याच कॉलेजसाठी प्रयत्न करणार आहे. दोन्ही पत्ते तुम्हांला टपालाने वेगळे पाठवले आहेत. मिळाले की कळवा, आणि त्याच्या खोलीत आता दुसरे कोण आहे, तेही लिहा.